भाजलेल्या रुग्णाची शुश्रूषा: पहिल्या तासापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत

त्वचा हा माणसाच्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव. प्रौढ माणसाची त्वचा उलगडून मोजली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीरातले पाणी आत ठेवणे, जंतू बाहेर ठेवणे आणि शरीराची ऊब राखणे ही तिची रोजची कामे. ती इतकी बिनबोभाट चालतात की त्वचा जळेपर्यंत त्यांची आठवण होत नाही. भाजल्यावर तिन्ही कामे एकदम बंद पडतात. प्रौढात शरीराचा पंधरा-वीस टक्क्यांहून अधिक आणि लहान मुलात दहा टक्क्यांहून अधिक भाग भाजला, की ती नुसती कातडीची जखम राहत नाही. हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसे, आतडी, सगळ्यांनाच तिची झळ पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे 1 लाख 80 हजार माणसे भाजून मरतात, आणि एकट्या भारतात दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला शल्यचिकित्सक काही तासांसाठी येतो. परिचारिका आठवडे आणि महिने येते.

भाजण्याची प्रतवारी आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. आजची प्रतवारी त्वचेच्या थरांवरून होते, पण खाटेजवळ उभे राहिल्यावर परिचारिकेला दिसते ते सुश्रुताला दिसले त्याहून फार वेगळे नसते. वरवरचे भाजणे लाल आणि कोरडे असते, उन्हाने पोळल्यासारखे. त्याखालच्या पातळीवर फोड येतात; फोड फुटला की खालची जागा गुलाबी, ओलसर आणि वाऱ्यानेही झोंबणारी असते, आणि बोटाने दाबली की पांढरी पडून पुन्हा लाल होते. आणखी खोल गेले की हा लालपणा मंदावतो. पूर्ण जाडीचे भाजणे पांढुरके, तपकिरी किंवा काळे, चामड्यासारखे ताठ दिसते. टोचले तरी तिथे कळत नाही, कारण वेदना पोहोचवणाऱ्या नसाच जळून गेलेल्या असतात. एकाच स्फोटातले दोन रुग्ण एकदम आले तर मोठ्याने ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे जावे, हा वॉर्डातला जुना शहाणपणा यातूनच आला आहे.

या जखमेचे आणखी एक लक्षण नीट समजून घेतले पाहिजे, कारण शुश्रूषेचा निम्मा अर्थ त्यात आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की भाजलेल्या जागेत तीन वलये असतात. मधोमध मेलेला भाग. तो परत येत नाही. सर्वांत बाहेर नुसता लालसर भाग. तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या वलयात रक्तप्रवाह रेंगाळलेला असतो. तिथल्या पेशी मेलेल्या नसतात, पण जगतीलच असेही नसते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत त्यांचा निकाल लागतो. रक्तदाब उतरला, अंग गार पडले, सूज वाढली, जखमेत जंतू शिरले, तर हे वलय मरते आणि वरवरची जखम खोल होते. सलाईन वेळेवर चालवणे, खोली उबदार ठेवणे, हातपाय उंचावर ठेवणे, हात धुणे ही वॉर्डातली किरकोळ वाटणारी कामे या मधल्या वलयासाठीच असतात.

प्रसंग घडतो तिथे पहिले औषध म्हणजे पाणी. नळाचे वाहते, साधे गार पाणी, वीस मिनिटे. भाजून तीन तास होईपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. रक्तवाहिन्या आकुंचन पावून तेच मधले वलय दगावते. प्रत्यक्षात मात्र आपल्या घरांत पाण्याआधी दुसरेच हाती लागते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, किसलेला बटाटा, कधी चुलीतली राख. अपघात विभागातल्या परिचारिकेचे पहिले काम बऱ्याचदा हे लेप उतरवण्याचे असते. शाईने किंवा हळदीने रंगलेल्या जखमेची खोली डॉक्टरला ओळखता येत नाही, आणि वाळलेली टूथपेस्ट काढताना वरचा नाजूक पापुद्राही निघून येतो. यामागे अडाणीपणा असतो असे मानण्याचे कारण नाही. आग पाहिल्यावर घरातल्या माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि नळ सोडणे हे फार थोडे केल्यासारखे वाटते.

पाण्यालाही मर्यादा आहे. अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, ओल्या चादरीत गुंडाळून पन्नास किलोमीटर रुग्णवाहिकेतून आणले तर ते मूल थंडीने कुडकुडत पोहोचते. म्हणून रुग्ण आल्याबरोबर ओले कपडे व चादरी काढायच्या, स्वच्छ कोरड्या चादरीत ठेवायचे आणि वरून ब्लँकेट घालायचे. अंगाला चिकटलेला नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा तुकडा ओढून काढत नाहीत. भोवतीने कापून तेवढा तसाच ठेवतात. अंगठ्या, पैंजण, जोडवी, कडी, बांगड्या लगेच उतरवायच्या. हाताला तासाभरात इतकी सूज येते की हिरव्या काचेचा चुडा मनगटात रुततो, आणि मग तो एकेक बांगडी करून, खाली गॉझची घडी सरकवून, कातडीला न लागता फोडावा लागतो. सवाष्ण बाईच्या बांगड्या फोडणे तिच्या सासूला किंवा आईला अशुभ वाटते. दोन शब्द समजावून सांगायला तिथे अर्धे मिनिट मिळते, आणि अनुभवी सिस्टर ते अर्धे मिनिट देते. दागिने मोजून, नोंद करून, सही घेऊन नातेवाइकांकडे सोपवले जातात. धनुर्वाताची लसही याच वेळी दिली जाते.

बंद खोलीत भाजलेल्या रुग्णाच्या चेहऱ्याकडे आधी पाहावे. नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, आवाज बसलेला, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, ही श्वासनलिका पोळल्याची चिन्हे. तासाभरापूर्वी नीट बोलणारा माणूस सूज चढल्यावर गुदमरू शकतो. म्हणून आवाज बदलला हे पहिल्यांदा ज्याच्या कानी पडते त्याने डॉक्टरला तिथल्या तिथे बोलवायचे असते. श्वासनलिकेत नळी वेळेवर घातली तर ती सहज जाते, उशीर झाला तर जात नाही. धुरात सापडलेल्याला भरपूर ऑक्सिजन दिला जातो. अशा रुग्णाच्या बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबता येत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेले दिसते.

किती टक्के भाजले हे ठरवण्यासाठी प्रौढांत नऊचा नियम वापरतात. डोके व मान मिळून 9 टक्के, प्रत्येक हात 9, छाती-पोट 18, पाठ 18, प्रत्येक पाय 18, आणि जननेंद्रियांचा भाग 1. एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेस यांनी 1951 साली तो प्रसिद्ध केला. मुलांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, नऊ नव्हे तर अठरा टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी वयानुसार आकडे देणारा लंड आणि ब्राउडर यांचा 1944 चा तक्ता आहे. विखुरलेल्या डागांसाठी रुग्णाचाच तळहात बोटांसकट अंदाजे एक टक्का धरतात. नुसती लाल झालेली जागा यात मोजायची नसते, आणि काजळी पुसल्याशिवाय मोजणी सुरू करायची नसते. दोन्ही चुका नेहमी होतात, आणि दोन्हींनी आकडा फुगतो.

आकड्याला इतके महत्त्व का, ते पहिल्या चोवीस तासांत कळते. 1921 साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात रिआल्टो चित्रपटगृहाला आग लागली. तिथल्या रुग्णांच्या फोडांतले पाणी फ्रँक अंडरहिल यांनी तपासले, तेव्हा ते रक्तातल्या द्रवाशी मिळतेजुळते निघाले. भाजलेला माणूस पहिल्या दिवशी विषाने मरतो असा समज तोवर होता. तो खरे तर द्रव गमावून मरतो, हे यातून पुढे आले. केशवाहिन्या गळू लागतात, रक्तातले पाणी आणि मीठ ऊतींमध्ये उतरते, अंग फुगते आणि आतून माणूस कोरडा पडतो. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर आणि टॉम शायर्स यांनी 1968 मध्ये दिलेले सूत्र आजही वॉर्डाच्या भिंतीवर लावलेले असते: चार मिलिलिटर गुणिले वजनाचे किलो गुणिले भाजल्याची टक्केवारी, इतके रिंगर लॅक्टेट हे सलाईन शिरेतून चोवीस तासांत, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत.

पन्नास किलो वजनाची बाई चाळीस टक्के भाजली आहे असे धरू. चार गुणिले पन्नास गुणिले चाळीस, म्हणजे आठ हजार मिलिलिटर, आठ लिटर. पहिल्या आठ तासांत चार लिटर. इथे एक मेख आहे, आणि ती नवशिक्या हातांतून हमखास सुटते. आठ तास रुग्णालयात आल्यापासून मोजायचे नाहीत, भाजल्यापासून मोजायचे. संध्याकाळी सात वाजता भाजलेली बाई रात्री दहाला पोहोचली आणि वाटेत तिला काहीच मिळाले नसेल, तर पहाटे तीनपर्यंत चार लिटर गेले पाहिजेत. पाच तासांत चार लिटर म्हणजे ताशी आठशे मिलिलिटर. एका मिलिलिटरला वीस थेंब देणारा नेहमीचा संच लावला तर हे मिनिटाला अडीचशेहून अधिक थेंब होतात. ते डोळ्याने मोजता येत नाहीत, धारच लागते. म्हणून दोन जाड सुया दोन शिरांत लागतात. पहाटे तीननंतर उरलेले चार लिटर सोळा तासांत, ताशी अडीचशे, म्हणजे मिनिटाला त्र्याऐंशीच्या आसपास थेंब. आधीच्या दवाखान्यात दोन बाटल्या दिल्या असतील तर त्या वजा होतात. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवरची वेळ आणि बाटल्यांची संख्या हा उपचाराचाच भाग आहे.

सूत्र हे फक्त सुरुवातीपुरते. बरीच केंद्रे आता प्रौढांत चाराऐवजी दोन मिलिलिटरपासून सुरू करतात आणि पुढे रुग्णाला पाहून वाढवतात, कारण अति पाण्याचेही हाल असतात: फुप्फुसात पाणी, पोटात ताण, हातापायांत आणखी सूज. रुग्णाला पाहून म्हणजे मुख्यतः त्याची लघवी पाहून. प्रौढात दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, मुलात एक. पन्नास किलोच्या त्या बाईला तासाला किमान पंचवीस मिलिलिटर लघवी झाली पाहिजे. कमी झाली तर सलाईन वाढवायचे, पन्नासच्या बरीच वर गेली तर कमी करायचे. रात्री दोन वाजता वॉर्डात बहुतेक दिवे मालवलेले असतात. सिस्टर वाकून लघवीच्या पिशवीची तोटी उघडते, मोजपात्रात लघवी घेते, उजेडाकडे धरते आणि तक्त्यावर आकडा लिहिते: अठरा. मागच्या तासाला बावीस होती, त्याआधी तीस. तिन्ही आकडे एकाखाली एक दिसले की बोलवायचे कुणाला हे तिला सांगावे लागत नाही. तोच तक्ता सकाळी आठला एकदम भरला असता तर चांगल्या अक्षरातला निरुपयोगी कागद झाला असता. रंगही पाहायचा. विजेच्या उच्च दाबाच्या धक्क्यानंतर लघवी चहासारखी गडद आली तर स्नायू आतून जळाले आहेत असे समजावे. बाहेर हातावर रुपयाएवढाच डाग असला तरी अशा रुग्णाला नेहमीपेक्षा अधिक पाणी लागते आणि लघवी ताशी पंचाहत्तर ते शंभर मिलिलिटरपर्यंत ठेवावी लागते, नाहीतर मूत्रपिंडे तुंबतात.

हात, पाय किंवा छाती गोलाकार, सगळ्या बाजूंनी खोल भाजली असेल तर ते चामडे ताणले जात नाही आणि आतली सूज मात्र वाढत जाते. तासातासाला बोटांचा रंग, ऊब, नखाखालचे रक्त परत यायला लागणारा वेळ, मनगटाची नाडी पाहायची. बोटे गार, बधिर आणि निळसर होऊ लागली तर त्या कडक कातडीला लांब छेद घेऊन आतला दाब मोकळा करावा लागतो. छातीवर असा पट्टा आवळला गेला तर श्वासच अडतो.

भारतात भाजलेल्या रुग्णाभोवती आणखी एक गर्दी जमते, ती पोलिसांची आणि नातलगांची. विवाहित तरुण स्त्री भाजून आली तर प्रकरण बहुधा वैद्यकीय-न्यायिक म्हणून नोंदले जाते, आणि तिचा जबाब घेतला जातो. ती वाचली नाही तर तोच मृत्युपूर्व जबाब ठरतो. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 32 खाली त्याला जे स्थान होते, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 मध्ये आले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2002 साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटले की रुग्ण जबाब देण्याच्या मनःस्थितीत होता याची न्यायदंडाधिकाऱ्याची खात्री पटलेली असेल, तर केवळ डॉक्टरचे प्रमाणपत्र नाही म्हणून जबाब फेटाळता येत नाही. परिचारिकेचे काम जबाब घेण्याचे नाही. पण रुग्ण शुद्धीवर होता का, शेवटचे मॉर्फिन किती वाजता दिले, खाटेशेजारी त्या वेळी कोण उभे होते, या तिच्या नोंदी वर्षांनंतर न्यायालयात वाचल्या जातात. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य सासू शेजारी असताना आणि ती चहा प्यायला गेल्यावर वेगवेगळ्या सुरांत निघते, हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत असते. रुग्ण आपणहून जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, वेळ टाकून लिहावे. त्यात आपला अर्थ भरू नये. अ‍ॅसिडहल्ल्यातल्या व्यक्तीवर सरकारी काय आणि खासगी काय, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार व उपचार करणे 2013 पासून कायद्याने बंधनकारक आहे.

वेदनेविषयी वॉर्डांत बराच काळ एक निर्दय समजूत होती की भाजलेला ओरडणारच. आता वेदना वेगवेगळ्या मोजतात: दिवसभर तेवत राहणारी, मधूनच उसळणारी आणि ड्रेसिंगच्या वेळची. तिन्हींचे औषध वेगळे आणि वेळ वेगळी. पहिल्या दिवसांत औषध शिरेतूनच द्यायचे, स्नायूत नाही. रक्तदाब उतरलेला असताना स्नायूतले औषध तिथेच पडून राहते, आराम पडत नाही म्हणून पुन्हा इंजेक्शन दिले जाते, आणि रक्तप्रवाह सुधारला की सगळे एकदम अंगात उतरून श्वास मंदावतो. ड्रेसिंगआधी दिलेल्या औषधाचा अंमल चढायला वेळ द्यावा लागतो. ट्रॉली आल्यावर इंजेक्शन भरणे म्हणजे रुग्णाला औषधाविनाच ड्रेसिंग करण्यासारखे आहे. हे ठाऊक सगळ्यांना असते. घाईच्या सकाळी पाळले जात नाही.

ड्रेसिंग हे या शुश्रूषेतले सर्वांत लांब आणि सर्वांत कौशल्याचे काम. चाळीस टक्के भाजलेल्या माणसाला दोन जणींनी मिळून केले तरी तास-दीड तास लागतो. पंखा बंद, दारे बंद, खोली गरम. गाऊन आणि मास्क घातलेल्या सिस्टरच्या पाठीवरून घाम ओघळत असतो, पण रुग्णाला ती खोली हवीच असते. जुने गॉझ ओढून काढत नाहीत. कोमट सलाईन ओतायचे, थांबायचे, पुन्हा ओतायचे, आणि कडेने सुटत आले की कातडीला समांतर, घडी उलगडावी तसे सोलत न्यायचे. चांगल्या हाताची सिस्टर पुढचे काम आधी सांगते. ‘ताई, आता मांडीवरचं फडकं फक्त भिजवतेय, काढत नाहीये अजून.’ रुग्णाला ‘थांबा’ म्हणायची मुभा असावी आणि तो थांबा म्हणाला की खरोखर थांबावे. एवढ्या एका सवलतीने पुढच्या दिवसाचे ड्रेसिंग सोपे जाते, आणि हे करायला साहित्य लागत नाही.

चार्ल्स फॉक्स यांनी 1968 मध्ये आणलेले सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम आपल्या बर्न्स वॉर्डांची ओळख बनले आहे. ते जंतूंना रोखते, पण जखमेवर पिवळसर थर बसवते. तो पू आहे की मलमाचा थर, हे ओळखायला सराव लागतो. वरवरच्या भाजण्यात ते जखम भरायला उशीरच लावते, सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्याला आणि अगदी तान्ह्या बाळाला ते चालत नाही. महागड्या परदेशी पट्ट्या परवडत नाहीत म्हणून मुंबईत काही देशी वाटाही शोधल्या गेल्या. डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझपट्टीवर बसवून, निर्जंतुक करून वापरल्या आणि 1985 मध्ये त्यावर निबंध लिहिला. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरून पाहिले. पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि बाजारात सहज मिळते. पंगतीतले केळीचे पान आणि ड्रेसिंगचे केळीचे पान यांत निर्जंतुकीकरणाचा फरक आहे, हे मात्र वाचकाने विसरू नये. घरातला बटाटा किसून लावणे आणि ही पट्टी, यांतही तोच.

पहिला आठवडा सरला की जंतूंची पाळी येते. मेलेली कातडी म्हणजे ओलसर, उबदार, रक्तप्रवाह नसलेली जागा. तिथे औषधही पोहोचत नाही. ड्रेसिंग उघडल्याबरोबर गोडसर वास आणि हिरवट स्राव आला तर स्यूडोमोनास या जंतूचा संशय घ्यायचा. गुलाबी जागेवर काळपट ठिपके, भरत आलेली जखम पुन्हा खोल होणे, पोट फुगणे, काल पचलेली पेज आज उलटणे, स्वभावात अचानक गोंधळ, ही रक्तात जंतू पसरल्याची खूण असू शकते. नुसता ताप हा भाजलेल्या रुग्णात फसवा असतो, कारण शरीराची भट्टीच वाढलेली असते. उलट अंग अचानक गार पडू लागले तर जास्त घाबरावे. आणि जंतू येतात ते बहुतेक हातांवरून. एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हात धुणे या नियमाला पर्याय नाही, आणि तो मोठ्या डॉक्टरांच्या राउंडमध्ये सर्वाधिक मोडला जातो.

खोल जळालेली कातडी आपणहून गळून पडण्याची वाट पूर्वी आठवडेच्या आठवडे पाहत. युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथल्या झोरा यांझेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मेलेले थर पातळ काप काढत जाऊन, खाली जिवंत रक्ताळ थर लागला की त्यावर लगेच त्वचा बसवण्याची रीत रूढ केली. त्यांचा निबंध 1970 चा. मांडीवरून घेतलेली पातळ त्वचा, म्हणजेच ग्राफ्ट, चाळणीसारखी जाळीदार करून पसरवतात. तिला पहिल्या दिवसांत स्वतःचे रक्त नसते, खालच्या जखमेतल्या रसावर ती तग धरते. खाली रक्ताची गाठ जमली किंवा ग्राफ्ट सरकले की ते सुकते. म्हणून तीन ते पाच दिवस तो भाग हलू द्यायचा नाही, आणि कूस बदलताना दोघींनी धरायचे. रुग्ण मात्र तक्रार करतो ती मांडीची. जिथून त्वचा घेतली ती जागा ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगून ठेवले तर त्याचा विश्वास उडत नाही.

ऐंशी टक्के भाजलेल्याच्या अंगावर घेण्याजोगी त्वचाच उरलेली नसते. अशा वेळी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरते पांघरूण होते. शीवच्या त्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे नवी मुंबईत ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स केंद्रातही झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये गार ठेवून ती दीर्घकाळ टिकते. ती कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते. पण तेवढ्या मुदतीत पाणी आत राहते, जंतू बाहेर राहतात आणि दुखणे कमी होते.

जेवणाचा हिशेब सलाईनइतकाच काटेकोर असतो. कॅलरी मोजण्याच्या करेरी यांच्या सूत्राने त्याच पन्नास किलोच्या, चाळीस टक्के भाजलेल्या बाईला रोज 2850 कॅलरी लागतात, म्हणजे घरी ती खात होती त्याहून कितीतरी जास्त, आणि तेही भूक मेलेली असताना. प्रथिने दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम. म्हणून पहिल्या चोवीस तासांतच नाकातल्या नळीने थोडेथोडे अन्न सुरू करतात. आतडे रिकामे ठेवले तर त्याचे अस्तर झिजते, जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला व्रण पडतात; लहान आतड्यातले असे व्रण टॉमस कर्लिंग यांनी 1842 मध्येच वर्णन केले होते. तोंडाने खाता येऊ लागले की अंडी, दूध, नाचणीची पेज, मऊ खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. ‘जखमेत पू होईल’ म्हणून डाळ आणि अंडे बंद करणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा रोज किती खाल्ले याचा कागद त्यांच्याच हाती देणे जास्त उपयोगी पडते.

भाजलेला माणूस साहजिकच अंग आखडून घेतो. मान खाली, कोपर वाकलेले, गुडघे पोटाशी; यात दुखणे कमी होते. त्याच अवस्थेत जखम भरली तर कातडी कायमची आखडते, हनुवटी छातीला चिकटते, काख मिटते. म्हणून गळा भाजला असेल तर उशी नाही, उलट खांद्याखाली घडी. काख भाजली असेल तर हात अंगापासून काटकोनात. कोपर, गुडघा, नितंब सरळ, पाऊल काटकोनात, मनगट किंचित मागे, बोटांचे पेर सरळ. उशी काढून घेतल्यावर रुग्ण रडतो, आणि रात्री मायेपोटी आई ती पुन्हा सरकवते. मान आखडलेल्या दुसऱ्या रुग्णाला एकदा दाखवले की आईच पहारा करू लागते. प्लास्टरची पट्टी, दिवसातून अनेकदा सांधे हलवणे, शक्य होईल त्या दिवशी उठवून उभे करणे ही फिजिओथेरपिस्टची कामे म्हटली तरी फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदाच येतो.

काही रुग्ण वाचणार नाहीत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असते. नव्वद टक्के खोल भाजलेला माणूस पहिले काही तास शुद्धीवर असतो, बोलतो, तहान लागली म्हणतो, आणि खोल जखमांत वेदना कमी असल्याने नातेवाइकांना आशा वाटते. या तासांत त्याला ज्यांना भेटायचे असेल त्यांना आत सोडावे, ओठ ओले करावे, मुबलक वेदनाशामक द्यावे, ऊब द्यावी. घरच्यांना खरे सांगण्याचे काम डॉक्टरचे. पण ‘ती बोलतेय की, सिस्टर’ हा प्रश्न रात्री परिचारिकेलाच विचारला जातो, आणि तिचे व डॉक्टरचे उत्तर एकच असले पाहिजे.

जे जगतात त्यांच्यापुढे आरसा येतो. तो कधी आणायचा हे रुग्णाला ठरवू द्यावे, आणि त्या वेळी ओळखीच्या सिस्टरने जवळ असावे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी चेहरे आणि हात जळालेल्या वैमानिकांवर उपचार केले. त्या रुग्णांनी 1941 मध्ये आपला गिनी पिग क्लब काढला. मॅकिंडोंनी त्यांना रुग्णालयाचे कपडे न घालता गणवेशात गावात पाठवले, आणि गावकऱ्यांना रोखून न पाहण्याची सवय लावली. आपल्याकडे गाव तयार करायला कुणी जात नाही. निदान घर तयार करता येते. नवरा, आई, शाळकरी मुले यांना डिस्चार्जच्या आधी ड्रेसिंग उघडे असताना जखम दाखवावी, तेल लावायला शिकवावे. दचकायचेच असेल तर वॉर्डात दचकून घ्यावे, घरी नको.

भरलेली जखम वर्षभर आणि अधिक काळ लाल, ताठ आणि खाजरी राहते. नव्या त्वचेत तेलग्रंथी नसतात, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेल चोळायचे. उन्हात पूर्ण बाह्या घालायच्या, नाहीतर काळे डाग पडतात. मापाने शिवलेले घट्ट दाबवस्त्र अंघोळ सोडून जवळजवळ तेवीस तास घालायचे असते. नागपूरच्या मे महिन्यात हा सल्ला पाळणे म्हणजे काय, हे सल्ला देणाऱ्याने ध्यानात घ्यावे, दोन जोड शिवून द्यावेत आणि धुवायच्या वेळा ठरवून द्याव्यात. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख, व्यायामांची चित्रे, खाजेचे औषध आणि फोड आल्यास लगेच दाखवायला येण्याची सूचना असते. त्याच कागदावर घरचा स्टोव्ह किंवा चूल जमिनीवर आहे की ओट्यावर, आणि मोरीतल्या बंबाजवळ लहान मूल पोहोचते का, हे विचारून लिहिण्यासाठी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात.